पाठकांची डावी सीट

मोटारीतली धूळ पिठाच्या चाळणीने चाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. विनायक पाठक. भिंगारमध्ये पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं बॅटऱ्यांचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून त्यांचा गाळा. सकाळी शटर वर गेलं की पाठक दारात खुर्ची टाकत, पायाशी वर्तमानपत्र पसरत आणि आदल्या दिवशी गाड्यांमधून निघालेली धूळ चाळायला बसत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, गृहस्थ रव्यातल्या अळ्या काढतोय. चाळणीत शेंगांची टरफलं उरायची, रेवड्या, पिना, एखादा काळा मणी, तान्ह्या बाळाच्या मोज्याचा गोंडा.

"बघा राजाभाऊ," चष्मा कपाळावर चढवून ते मला म्हणत, "ही गाडी देवाला जाऊन आली. जाताना सगळे खुशीत होते. येताना मागच्या सीटवरच्या दोघांचं भांडण झालं."

"हे कशावरून?"

"बडीशेप दोन्ही दारांशी सापडली. मध्ये दाणा नाही. म्हणजे दोघं दोन टोकांना सरकून बसले."

खरं किती आणि रचलेलं किती, मी कधी तपासलं नाही. बॅटरी चार्जिंगला लावली की मला करण्यासारखं काही नसे, आणि शेजारी रोज सकाळी फुकटात लोकांच्या संसारांचा खेळ लागायचा. मी पहिल्या रांगेत हजर.

पाठक मूळचे श्रीरामपूरकडचे. एका साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. लग्न केलं नाही. आई होती तोवर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दोघं राहिले. आई गेल्यावर त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली, भिंगारला एक खोली भाड्याने घेतली आणि गाड्या आतून साफ करायचा धंदा काढला. श्रीरामपूरला एक बहीण होती, तिचा सणासुदीला फोन यायचा. त्यांच्याविषयी एवढीच माहिती मला होती आणि एवढी मिळवायलाही मला बरेच चहा पाजावे लागले.

धंद्याला त्यांनी नाव दिलं 'अंतरंग'. पाटी रंगवून लागली आणि पहिल्याच आठवड्यात एक बाई मुलाची पत्रिका घेऊन आल्या. पाठकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "मी फक्त चारचाकीचं बघतो." बाई म्हणाल्या, "त्याला चारचाकी कधी मिळेल तेच बघायचंय."

आतून म्हणजे फक्त आतून. बाहेरून गाडीला ते बोटसुद्धा लावत नसत. पाथर्डीकडचा एक बागायतदार एकदा भलीमोठी गाडी घेऊन आला. गाडीतून शेळी आणलेली होती, आणि शेळीला ते लपवायची काही गरज वाटलेली दिसत नव्हती. पाठकांनी दिवसभर खपून आतून गाडी अशी केली की शेळी पुन्हा बसायला लाजली असती. बाहेर मात्र चिखल जसाच्या तसा.

"आवो काका," बागायतदार म्हणाला, "आता वरून बी मारा की पानी. पाइप तर हितंच हाय."

"वरचं सगळे बघतात," पाठक म्हणाले. "सगळे बघतात म्हणून तुम्ही ते धुवून घ्यालच. आतलं कोण बघतो?"

"मी बघतो की. मीच आत बसतो."

पाठकांनी तरीही पाइप हातात घेतला नाही. बागायतदार जाताना मला म्हणाला, "मानूस लई चांगला हाय, पन कुनीतरी घरात पायजे बोलायला."

हे असं एखादं वाक्य माणूस सहज टाकून जातो आणि आपल्या गळ्यात अडकवून जातो.

चाळणीत सापडलेली प्रत्येक वस्तू ते छोट्या पारदर्शक पिशवीत घालून मालकाला परत करत. टरफलं नव्हे, पण मणी, पिना, गोंडे सगळं. या इमानदारीपायी एकदा मोठं नाट्य घडलं. एका वकिलांची गाडी होती. न्यायला वकीलसाहेब पत्नीला घेऊन आले. पाठकांनी पिशवी थेट बाईंच्या हातात दिली. "वहिनी, तुमचं कानातलं. मागच्या सीटच्या फटीत होतं."

वहिनींनी पिशवी उजेडात धरली. मग वकिलांकडे धरली. "हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

मी माझ्या दारात उभा होतो. हातात पान्हा होता, तो मी कुठेच फिरवत नव्हतो. इतकी वर्षं कोर्टात उभा राहिलेला माणूस, पण त्या मिनिटाला त्याला एक मुद्दा आठवेना. गाडी गेली तेव्हा वहिनी मागे बसल्या होत्या आणि वकील पुढे, ड्रायव्हरसारखे.

मी हसून हसून बेजार झालो. पाठक हसले नाहीत. शटरला टेकून रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्यांच्या गाडीत निदान भांडण तरी सापडलं."

तेव्हा मला त्यांच्या स्वतःच्या गाडीची आठवण झाली. त्यांच्याकडे एक जुनी छोटी मोटार होती, आईला दवाखान्यात नेता यावं म्हणून घेतलेली. ती यायच्या आधीच आई गेली. त्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटचं कापड झिजून पांढरं पडलं होतं, आणि बाकीच्या सगळ्या सीटवर कंपनीतून आलेलं प्लास्टिक तसंच होतं. इतक्या वर्षांनंतरही. त्यांची गाडी चाळणीने चाळली असती तर चाळणी रिकामी निघाली असती.

आता मशीनची गोष्ट.

सुरुवातीला पाठकांकडे घरगुती व्हॅक्युम क्लीनर होता. आवाज विमानाचा आणि जोर फुंकणीचा. त्यात ओला डाग निघत नसे, म्हणून सीट बादली, ब्रश आणि फडक्याने घासायच्या. मग त्या वाळत नसत, मग गाडीला कुबट वास येई, मग गिऱ्हाईक कुरकुरे. नगरमध्ये नव्या मशीन आणलेली दुकानं निघायला लागली होती. चांगलं मशीन घेतल्याशिवाय 'अंतरंग' टिकणार नाही, हे मला बॅटरीवाल्याला कळत होतं तर पाठकांना कळत नव्हतं असं नाही. ते मशीन निवडत होते.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये डेमो बघितल्याशिवाय आणि शंका काढल्याशिवाय काही खरेदी होत नसे. ती शिस्त पाठकांनी एका माणसाच्या गाळ्यात आणली. मागणी करणारे तेच, मंजुरी देणारे तेच आणि मंजुरी अडवणारेही तेच. त्यांनी भंगारातून एका गाडीची अख्खी मागची सीट आणली आणि भिंतीशी मांडली. ही परीक्षेची सीट. डेमो ठरला की आदल्या दिवशी ते स्टीलच्या ताटात डाग वाढून घ्यायचे. चहा, उसाचा रस, शेतातली काळी माती, खोबरेल तेल, मिसळीची तर्री आणि शेवटी तेलात कालवलेली हळद. ताट इतकं देखणं दिसायचं की एकदा मी भुकेपोटी बोट बुडवणार होतो. मग चमच्याने एकेक डाग सीटवर वाढायचा आणि रात्रभर मुरू द्यायचा.

"बाकी सगळं कुणीही काढेल," ते म्हणत. "हळद काढेल ते मशीन."

पहिलं मशीन घेऊन पुण्याहून आला सातपुते. वय माझ्याएवढं, पोट माझ्यापेक्षा थोडं पुढे, गळ्यात टाय आणि टायवर कुठल्या तरी जुन्या डेमोचा डाग. मूळचा तिसगावचा. बोलायला लागला की पुस्तकी, "सर, या प्रॉडक्टचं वैशिष्ट्य असं की," आणि मशीन फसलं की थेट तिसगाव.

पहिलं होतं मोठ्या ड्रमचं व्हॅक्युम, ओलं आणि कोरडं दोन्ही ओढणारं. जोर एवढा की सीटवर ठेवलेला माझा रुमाल गेला. पाठकांनी विचारलं, "आत काय गेलं ते दिसतं का?"

"सर, ड्रम स्टीलचा आहे. कशाला बघायचंय आत?"

"काय खाल्लं ते जे मशीन दाखवत नाही, ते मला नको." शिवाय हळद पिवळीधमक जागच्या जागी होती.

मशीन नापास. मग पाठक म्हणाले, "सातपुते, पोहे खाऊन जा." गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात त्यांनी शेगडी ठेवली होती. पोहे करताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मिरची चिरताना ते गुणगुणत होते.

काही महिन्यांनी वाफेच्या मशीनचा डेमो ठरला. रिक्षातून उतरला सातपुते. कंपनी बदलली होती. आधीच्या मशीनचं नाव काढलं तर म्हणाला, "ते होय, अगदी टाकाऊ, सर." आता त्याचा सगळा जीव वाफेवर होता. सीटवर वाफ बरी चालली. मग उत्साहाच्या भरात त्याने माझी गाडी मागितली, छताचं कापड चमकवून दाखवतो म्हणाला. मी दिली. तो वाफ मारत गेला, मारत गेला, आणि कापडामागचा डिंक सुटून अख्खं छत लग्नाच्या मांडवासारखं खाली आलं.

सातपुते त्या मांडवाखालून ओणवा बाहेर आला. "आयला," तो म्हणाला, "लई वाफ झाली."

पुढे काही दिवस मी छत डोक्यावर घेऊन गाडी चालवली. पण त्या दिवशी आम्ही तिघांनी पोहे खाल्ले आणि पाठक इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला ते हसणं पाहून छताचं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडं वाटलं.

मग हवेच्या झोताचं मशीन आलं, फटीफटीतली धूळ उडवणारं. आणणारा अर्थातच सातपुते, अर्थातच तिसऱ्या कंपनीकडून. पाठकांनी दोन मिनिटांत निकाल दिला. "हे उडवतं. मला गोळा करायचंय."

एव्हाना ठरून गेलं होतं की सातपुते येणार तो शनिवारी. डेमो उरकायचा, पोहे खायचे आणि भिंगारहूनच पाथर्डीची एसटी पकडून तिसगावला आईकडे जायचं. नगरपर्यंतचं भाडं कंपनीचं. कधी नवं मशीन नसलं तरी जुन्याचाच नवा ब्रश दाखवायला यायचा. पाठक शंका काढायचे. नळी आखूड आहे. वायर मधेच येते. चाक फरशीवर चरे पाडतं. प्रत्येक शंकेचं उत्तर आणायला सातपुतेला पुन्हा यावं लागे. शुक्रवारी पाठक कोथिंबीर आणत. मी शेजारी बसून हे सगळं बघत होतो आणि मला कळायला तरीही वेळ लागला.

एका शनिवारी एसटी चुकेल म्हणून पाठकांनी सातपुतेला आपल्या गाडीतून स्टँडवर सोडलं. मी मागे बसलो होतो, प्लास्टिकवर, प्रत्येक खड्ड्याला कुरकुरत. सातपुते पुढे डावीकडे. ऊन रणरणतं. त्याने पाठ दोनदा उचलली, मग म्हणाला, "सर, हे चिकटतंय वो," आणि पाठक नको म्हणायच्या आत सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडून काढलं. पाठकांचा पाय ब्रेकवर गेला. सातपुतेने कागद सोडून वडापाव खायला घेतला, तोंडाने बोलणं चालूच. "सर, डावीकडं आरसा बसवा की. एवढ्या जुन्या गाडीला नसतोय, पन बसवून मिळतो."

"डावीकडे बघायची वेळ येत नाही," पाठक म्हणाले.

तेवढ्यात गाडी गतिरोधकावर उडाली आणि चटणीचं तेल सीटवर सांडलं. कोऱ्या कापडावर, पहिल्याच तासाला. सातपुते हाताने पुसत म्हणाला, "राहू द्या, पुढच्या शनिवारी मशीननी काढतो."

परत येताना पाठक त्या डागाकडे बघत होते. मला वाटलं, आज हा माणूस जेवणार नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम डोकावून पाहिलं. डाग तिथेच होता. गाड्या आतून साफ करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या गाडीत तो तसाच राहिला. फाडलेलं प्लास्टिक तेवढं घडी करून टाकून दिलं होतं.

मग एके दिवशी सातपुते डेमोच्या आदल्या दिवशीच आला आणि पाठकांकडे न जाता माझ्या दुकानात शिरला. टाय नव्हता.

"राजाभाऊ, ह्या बारीला मशीन खपलं तर खपलं. न्हाई तर माझी नोकरी जाती. वरचे म्हनत्यात, नगरला इतक्या चकरा आन एक बी मशीन न्हाई."

"मग सांग की पाठकांना. ते घेतील."

"कसं सांगू? घेतलं तरी माझं यायचं बंदच. मशीन घेतल्याल्या गिऱ्हाइकाकडं परत कोन पाठवतंय? कंपनी मला विदर्भ देनार हाय."

"म्हणजे पाठकांना घेतलं काय आणि न घेतलं काय, सारखंच."

"त्यांना सारखं," सातपुते म्हणाला. "मला न्हाई ना."

तो गेला आणि मी पाठकांकडे गेलो. मला नाटकं करता येतात, पण तेव्हा एकही सुचलं नाही. जे ऐकलं ते सरळ सांगितलं. ते चाळत होते. चाळणी थांबली नाही.

"दोन्हीकडून बंदच का?"

"बंदच."

त्यांनी चाळणीतला एक मणी पिशवीत टाकला. मग ते म्हणाले, "मग डेमो नीट झाला पाहिजे."

शनिवारी सातपुतेने मशीन मांडलं. सीटमध्ये साबणपाणी मारायचं आणि त्याच तोंडाने ते लगेच ओढून घ्यायचं, असलं ते मशीन. वर पारदर्शक झाकण, आत ओढलेलं मळकं पाणी वळवळत जाताना दिसत होतं. पाठकांनी झाकणाला डोळा लावून पाहिलं. शंका काढली नाही. चहा निघाला. उसाचा रस निघाला. माती निघाली, तर्री निघाली, खोबरेल निघालं. सातपुतेने घाम पुसला आणि आता शेवटच्या डागासाठी नळी वळवली.

शेवटचा डाग नव्हताच. मी ताटाकडे पाहिलं. जिथे दरवेळी हळद असे ती जागा स्वच्छ होती.

सातपुते ताटाकडे बघत राहिला. "सर," त्याने हळूच विचारलं, "हळद?"

"संपली," पाठक म्हणाले. "पास. बिल करा."

शेगडीशेजारच्या फळीवर हळदीचा डबा होता. थोड्याच वेळात पोह्यांत ती पडली, आणि पोहे नेहमीसारखेच पिवळे होते. आम्ही तिघंही मान खाली घालून खात होतो.

निघताना सातपुतेला एकदम हुरूप आला. नळी उचलून म्हणाला, "चला सर, आता गाडीतला माझा डाग काढून देतो. लगेच निघंल."

"तो राहू द्या," पाठक म्हणाले. "तो परीक्षेला नाही."

मशीनने खरंच चांगलं काम केलं. सीटा वाळायला लागल्या, कुबट वास गेला, गिऱ्हाईक वाढलं. सातपुते विदर्भात गेला. सुरुवातीला फोन यायचा, मग दिवाळीला यायचा. पाठक शुक्रवारी कोथिंबीर आणत राहिले आणि शनिवारी मला हाक मारत राहिले. मी जायचो, पोटभर खायचो, सातपुतेची नक्कल करून दाखवायचो. ते हसायचे. पण मी भिंतीपलीकडचा माणूस. मला एसटी पकडायची नव्हती, माझ्या येण्याची वाट बघायला लागत नव्हती.

पुढे आमच्या गाळ्यांची जागा मालकाने विकली. मी दुकान नगरच्या बाजूला हलवलं. पाठकांची बहीण म्हणाली, आता इकडे ये. ते हो म्हणाले. परीक्षेची सीट त्यांनी मला दिली. आजही ती माझ्या दुकानाबाहेर आहे आणि बॅटरी चार्ज होईपर्यंत गिऱ्हाइकं तिच्यावर बसतात.

जायच्या दिवशी सकाळी मी मदतीला गेलो. मागच्या सीटवर प्लास्टिकवरच मशीन ठेवलं, त्याला पट्टा बांधला. शेजारी जुना व्हॅक्युम, कपड्यांची बॅग, भांडी. डिकी भरली. उरलं एक खोकं, त्यात ब्रश, फडकी आणि वर चाळणी. मी ते उचलून पुढे डावीकडे ठेवायला गेलो.

"तिथं नको," पाठक म्हणाले.

"दुसरीकडे जागा नाही. सुईसुद्धा मावणार नाही."

त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग सीटकडे. चटणीचा डाग आता तपकिरी होऊन कापडात मुरला होता.

"तिथं माणूस बसतो, राजाभाऊ," ते म्हणाले. "खोकं तुमच्याकडे राहू द्या."

मी खोकं छातीशी धरून उभा राहिलो. ते गाडीत बसले, काच खाली केली, चष्मा पुसला आणि गाडी सुरू केली. मागच्या काचेतून पट्टा बांधलेलं मशीन दिसत होतं, एखाद्या म्हाताऱ्या आत्याला नीट बसवून न्यावं तसं. गाडी चौकापर्यंत गेली, वळायला थांबली. तिथे पाठकांनी मान डावीकडे वळवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली.

त्या बाजूला आरसा नव्हता.